मायनरचा रकाना

मारेन : सही करा सर, एवढंच. मायनर, म्हणजे जोडविषय, सोडायचा अर्ज आहे. खाली सल्लागार म्हणून तुमचं नाव छापलेलंच आहे.

क्राउझ : आधी बस. अर्थशास्त्राचा एकच कोर्स उरलाय तुझा. एक! नांगरलंस, पेरलंस, आणि आता कापणीच्या दिवशी बांधावरून परत फिरतेस?

मारेन : पीकच माझं नाही, तर कापून काय करू?

क्राउझ : त्या मोठ्या विद्यापीठात उन्हाळ्याचे आठ आठवडे काय काढलेस, बोलणंच बदललं तुझं.

मारेन : तिथे आम्ही बाराजण होतो. पहिल्या रात्री जेवताना प्रत्येकाने सांगितलं, आपापल्या कॉलेजात काय काय शिकलोय ते. अकराजणांचे गणितातल्या अ‍ॅनालिसिसचे दोन्ही भाग झालेले. मी म्हटलं, माझा पहिला झालाय, आणि अर्थशास्त्राचं मायनर आहे. कुणी हसलं नाही सर. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या मुलाने बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि विषय बदलला.

क्राउझ : त्या वयात सगळेच फुशारक्या मारतात. मनावर घ्यायचं नसतं.

मारेन : मग मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या पीएचडीचे अर्ज वाचतात, दहा वर्षं झाली. म्हणाल्या, मायनर होतं म्हणून आम्ही कुणाला घेतलं नाही आणि नव्हतं म्हणून कुणाला वगळलं नाही. गणित किती केलंय ते बघतात, आणि शिफारसपत्रं. त्या रकान्याकडे नजरसुद्धा जात नाही म्हणे.

क्राउझ : असं सरसकट नसतं. उपयोजित गणिताला जाणाऱ्याला संगणकाचं मायनर कामाला येतं...

मारेन : मी उपयोजितला जात नाहीये, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. दुसऱ्या वर्षी याच खुर्चीत बसून विचारलं होतं मी, पीएचडीसाठी काय करू? तुम्ही म्हणालात, मायनर घे, अर्जावर भारदस्त दिसतं.

क्राउझ : दिसतंच की.

मारेन : कुणाला, सर?

(विभागाच्या सेक्रेटरी डार्लीन दार ढकलून आत येतात. क्राउझना त्या वेंडल म्हणतात.)

डार्लीन : वेंडल, रजिस्ट्रारचा फोन होता. आज खिडकी पाचला नाही, साडेचारलाच बंद करतायत. विषय बदलायचा शेवटचा दिवस, ज्याला घाई त्याने पळा. अगं मारेन, तू होय! रविवारी चर्चच्या तळघरात तुझी आई कॉफी ओतता ओतता सांगत होती सगळ्यांना, पोरीच्या पदवीवर दोन-दोन विषय येणार म्हणून.

मारेन : एकच येणार. दुसऱ्याच्या जागी मला अ‍ॅनालिसिसचा दुसरा भाग घ्यायचाय.

डार्लीन : तो? तो कुठे असतो आता! दरवर्षी मी वेळापत्रकात टाइप करते, दरवर्षी तीन-चार नावं येतात, आठ भरली नाहीत म्हणून डीन काट मारतात. बारा वर्षं झाली असतील. मग वेंडल पोरांना मायनरला लावून देतो. ...काय झालं? असं काय बघताय दोघं?

मारेन : काही नाही. बरं झालं बोललात.

क्राउझ : मारेन...

मारेन : म्हणजे ते अर्जासाठी नव्हतंच. आपलं कपाट रिकामं आहे हे दिसू नये म्हणून होतं.

क्राउझ : झाकली मूठ होती, खरं आहे. पहिली पाच वर्षं डीनशी भांडलो. मग दमलो. दुधाची तहान ताकावर भागवत राहिलो.

मारेन : तुम्ही नाही, आम्ही. आणि तुम्ही ताक दिलंत ते दूध म्हणून दिलंत.

क्राउझ : तुझ्याआधी जोएल होता. जोएल ब्रँट. त्याला तत्त्वज्ञानाचं मायनर घ्यायला लावलं. नऊ ठिकाणी अर्ज केले, नऊही ठिकाणांहून नकार. विम्याच्या कंपनीत आहे आता. दर नाताळला मला कार्ड पाठवतो. आभार मानतो माझे.

डार्लीन : त्याला तर तू म्हणाला होतास, नशीब खोटं.

क्राउझ : म्हणालो होतो.

मारेन : माझे अर्ज डिसेंबरात जातील. माझ्या पत्रात काय लिहाल सर? हुशार आहे, वेळेवर येते? तुमच्याकडे मला रडकुंडीला आणणारं असं काही मी केलंच नाहीये. लिहायला तुमच्यापाशी आहे काय?

क्राउझ : मग काय करू म्हणतेस?

मारेन : स्वतंत्र अभ्यास म्हणून शिकवा. त्याला आठ जण लागत नाहीत, एक पुरतो. नियम वाचून आलेय.

क्राउझ : अगं, शेवटचं शिकवलं तेव्हा तू तिसरीत असशील! विसरलोय मी ते. तिसऱ्या प्रकरणात तू मला अडवशील आणि मला उत्तर येणार नाही. कळतंय का? मी फळ्यासमोर नुसता उभा राहीन.

मारेन : राहा. मला चालेल. तिथे पोचून मी एकटी तशी उभी राहीन, याची भीती वाटते मला.

डार्लीन : चार वाजून दहा मिनिटं झाली, वेंडल.

क्राउझ : आईला काय सांगशील?

मारेन : एकच विषय येणार, पण पुरता.

क्राउझ : चिडेल ती.

मारेन : चिडू दे. तुमच्यापर्यंत आली तर तुम्हीही खरं सांगा.

क्राउझ : पेन दे. ...दुसरा अर्जही आणलायस? भरूनसुद्धा? माझी खात्री होती वाटतं तुला.

मारेन : नव्हती. रात्रभर झोप नाही.

डार्लीन : द्या दोन्ही इकडे. मी स्वतः नेते. खिडकीत हात घालून बसेन, बघू कोण बंद करतंय.

क्राउझ : सोमवारी सकाळी सातला ये. तेव्हा फळा मोकळा असतो. आणि हो, त्या पुस्तकाच्या ग्रंथालयात दोन प्रती आहेत.

मारेन : जाता जाता एक घेते.

क्राउझ : दोन्ही आण.