मशीनमधली टकटक

मास्तर: थांब, आली बघ. टक... टक. आत काहीतरी सैल झालंय.

लेक: बाबा, तुमचा पाय पायडलवर आहे का?

मास्तर: नाही.

लेक: चाक फिरतंय?

मास्तर: कसं फिरेल? शटल तुझ्या हातात, पट्टा माझ्या मांडीवर.

लेक: मग सुटं केलेलं शिलाई मशीन बोलतंय कसं?

मास्तर: जुनं झालंय गं. तुझ्या आईसारखं. काम नसलं तरी पुटपुटत असतं.

लेक: सांगते आईला. आता इकडे खिडकीशी या. कुंपणाच्या झाडीत खाली बघा, पानं दाट आहेत तिथे.

मास्तर: पानं हलताहेत. बाकी काही नाही.

लेक: नीट बघा. मातकट रंगाचं पाखरू, तुमच्या मुठीत मावेल एवढं.

मास्तर: अरेच्चा. आणि टकटक हे करतंय?

लेक: वटवट्या म्हणतात त्याला. दरवर्षी थंडीत येतो.

मास्तर: दरवर्षी थंडीतच तर मशीन बिघडतं. मग मी तेल घालतो आणि उन्हाळा लागला की बरं होतं.

लेक: उन्हाळा लागला की तो उत्तरेला जातो, बाबा. घरटं करायला.

मास्तर: म्हणजे रोग रेड्याला नि औषध पखालीला. तुला कधीपासून माहीत आहे हे?

लेक: शाळेत असताना इथे बसून काजं करायचे ना, तेव्हापासून.

मास्तर: मग बोलली का नाहीस, शहाणे?

लेक: तेल घालताना तुम्ही इतके खूश दिसायचात. मन होईना.

मास्तर: येतं कुठून हे?

लेक: लांबून. डोंगर ओलांडून, रात्रीचं उडत. तिकडे बर्फ पडलं की किडे संपतात, मग खाणार काय?

मास्तर: बघ, पाखराला कळतं. ते थंडीतून इकडे पळून येतं आणि तू इकडून उठून थंडीत चाललीस.

लेक: आलात ना शेवटी मुद्द्यावर? तिकडच्या त्या कोट शिवायच्या कारखान्याला आज कळवायचंय, कामाला येते की नाही. म्हणून तर सकाळपासून मशीन उघडून बसलात.

मास्तर: मशीन बिघडलं होतं.

लेक: बाबा.

मास्तर: एकटी जाणार, ओळख ना पाळख. भीती वाटते मला, दुसरं काय.

लेक: ह्या पाखरांची पिल्लं पहिल्या खेपेला एकटीच निघतात. मोठे आधीच निघून गेलेले असतात.

मास्तर: असले कसले आईबाप.

लेक: वाट कोणी दाखवत नाही, तरी पोचतात.

मास्तर: सगळी?

लेक: सगळी नाही.

मास्तर: हं.

लेक: पण जी पोचतात ना, ती पुढच्या थंडीला पुष्कळदा त्याच झुडपात परत येतात.



मास्तर: ही झाडी तोडायची म्हणत होतो. उजेड अडतो.

लेक: मग?

मास्तर: राहू दे. चष्म्याचा नंबर वाढवून घेईन.

लेक: आणि माझं काय?

मास्तर: तुझं काय? सरळ उभी राहा. हात खाली सोड.

लेक: टेप कशाला?

मास्तर: माप घेतोय. तिकडे अंगावर काय घालशील, ही ओढणी?

लेक: बाबा, मी कोटाच्याच कारखान्यात चाललेय.

मास्तर: कारखान्याचा कोट सगळ्यांना होतो, म्हणजे कोणालाच नीट होत नाही. पोक काढू नकोस.

लेक: म्हणजे कळवू त्यांना, येते म्हणून?

मास्तर: आधी माप होऊ दे. शिवणीत आत कापड जरा जास्तच सोडतो.

लेक: मी आता वाढणार आहे का?

मास्तर: अंगानं भरशील. मग कोट घट्ट होईल.

लेक: तिकडे कोणाकडूनही उसवून घेईन.

मास्तर: माझी शिवण दुसऱ्या कोणाला उसवता येत नाही. इथेच यावं लागेल.