‘बसवा’ म्हणणाऱ्या व्हर्जिल हावलिकांना निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माजी सैनिक संघाचे प्रमुख श्री. ड्वेन पोस्पिशिल, आपल्या रेडिओ केंद्राच्या मालकीण श्रीमती हॅरिएट बॉयल, मागच्याच महिन्यात गावात आलेले आपले नवे पाद्री श्री. ऑल्सन, सत्कारमूर्ती श्री. व्हर्जिल हावलिक, आणि चर्च सुटल्यावर सरळ घरी न जाता, चिलीच्या खिमा-राजमा रश्श्याच्या आणि दालचिनीच्या रोलच्या वासाने का होईना, इथे थांबलेल्या माझ्या ब्लूस्टेमकर बंधुभगिनींनो,

मी लोर्ना सेडलाक. एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत तुमच्या पोरांना वाढते आहे, तेव्हा माझा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल याची काळजी नसावी. पाद्रीबाबांसाठी एवढंच सांगते की गेली चार वर्षं टीव्हीवर ज्याचं नाव निघालं की हे सगळे लोक उठून उभे राहायचे, त्या वेस सेडलाकची मी आई. वेस तिथे मागे, कॉफीच्या भांड्यापाशी, टोपी डोळ्यांवर ओढून बसलाय. टोपी काढ, वेस. हॉलमध्ये बसलायस.

भाषणाचं आमंत्रण द्यायला ड्वेन स्वतः घरी आले होते. म्हणाले, "लोर्ना, दोनच शब्द बोल. वेसची आई बोलली की गावानं मोठ्या मनानं व्हर्जिलला माफ केलं असं दिसेल. म्हातारा ॲरिझोनाला लेकीकडे निघालाय, जाता जाता कडवटपणा कशाला?" मी हो म्हणाले. का म्हणाले ते कळेलच. पण ‘मोठ्या मनानं’ हे ऐकून मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. ड्वेन, तुम्ही आज अध्यक्षस्थानी आहात, म्हणून आदरानं सांगते.

आता सत्कारमूर्तींबद्दल. पाद्रीबाबा, तुमच्या आधीच्या गावात हे खूळ नव्हतं असं तुम्ही म्हणालात, म्हणून थोडक्यात सांगते. आपला फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून धावायचा तो. खरे खेळाडू खऱ्या संघांतून रविवारी खेळतात. इथले लोक काय करतात, तर त्यातले आपल्याला हवे ते खेळाडू वाटून घेतात आणि प्रत्येकजण कागदावर आपला एक संघ मांडतो. दर आठवड्याला ठरवायचं, कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं. खेळवलेला पोरगा मैदानात जेवढा धावेल तेवढे गुण आपल्याला. बाकावर बसवलेल्यानं पराक्रम केला तर कपाळावर हात मारून घ्यायचा. हंगामाच्या शेवटी जो सगळ्यात खाली असेल त्यानं मक्याच्या कणसाचा पोशाख घालून हायवेवर उभं राहायचं. ड्वेन दोनदा उभे राहिलेत. दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्यानं त्यांना केळं समजून पत्ता विचारला.

तर या खुळात गावाला वाट दाखवणारा माणूस म्हणजे व्हर्जिल. सव्वीस वर्षं दर गुरुवारी दुपारी, मक्याचे भाव आणि अंत्यविधीच्या सूचना झाल्या की यांचा कार्यक्रम: ‘खेळवा की बसवा’. नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि एकच शब्द बोलायचा. कारण कधीच द्यायचं नाही. "कारण दिलं की लोक वाद घालतात," असं ते म्हणत. एकदा घाईत कागद खालीवर झाले आणि यांनी म्हाताऱ्या एडना झेलेंका यांच्या अंत्यविधीची वेळ वाचली, थांबले आणि म्हणाले, "बसवा." एडनाच्या मुलांनी तक्रार केली नाही. आई हयातभर हाच कार्यक्रम ऐकत होती, ती हसली असती म्हणाले.

बघा, हसू येतं आपल्याला. मलाही यायचं. चर्चच्या बायकांच्या गटात माझाही एक संघ होता आणि त्यात पहिलं नाव वेसचं असायचं. व्हर्जिलचा एक अलिखित नियम होता, तो तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दर गुरुवारी शेवटचं नाव वेसचं आणि पुढचा शब्द ‘खेळवा’. पाऊस असो, समोर कुठलाही संघ असो, गावच्या पोराला व्हर्जिल बसवा म्हणणार नाहीत. चार वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नव्हता.

आता नोव्हेंबरमधल्या त्या रविवाराकडे येते. तो सामना बहुतेकांनी इथेच, याच हॉलमध्ये बघितला. वेस चेंडू घेऊन मैदानाच्या शेवटच्या रेघेकडे घुसला, दोघांनी दोन्हीकडून त्याला धडक दिली आणि तो पडला. तो पडलेला असताना तुम्ही काय केलंत हे मला माहीत आहे, कारण मी घरी होते आणि माझा फोन वाजायला लागला. तो अजून हललाही नव्हता. माझे धाकटे दीर मर्व्हिन, ते तिथे उजवीकडे बसलेत, त्यांचा पहिला निरोप असा: "वहिनी, पुढच्या आठवड्यात खेळणार का तो? नाहीतर मी आत्ताच दुसरा बघतो." त्यानंतर आणखी दहा. कुणाचे ते सांगत नाही, खुर्चीत चुळबूळ कोण करतंय ते दिसतंच आहे. पोराचं डोकं मातीत आणि तुम्हाला त्याच्या जागी दुसरा हवा. मला ओकारी यावी अशी ती अकरा वाक्यं होती. मी ती पुसलेली नाहीत.

पण थांबा. टाळ्या वाजवू नका, हॅरिएट, मी अजून माझ्यापर्यंत आले नाही. तो पडला तेव्हा मी काय बघत होते? चेंडू रेघेपार गेला की नाही ते. गेला होता. सहा गुण. मी सोफ्यावरून उठून हात वर केले. पोटच्या पोराची आई, हात वर करून उभी, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो उठत नाहीये. त्या दोन क्षणांची मला जेवढी किळस येते तेवढी मर्व्हिनच्या निरोपाचीही येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे तो उठला, बाजूला बसला, संघाच्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि पुन्हा मैदानात गेला. तुम्ही इथे टाळ्या वाजवल्यात. सोमवारी त्यानं मला फोन केला. मी ठीक आहे म्हणाला. मग म्हणाला, "पेपरला जास्त खायला देऊ नकोस, आई, जाड झालाय तो."

पेपर म्हणजे आमचा कुत्रा. तो जुलैत गेला. वेस स्वतः आला होता, त्यानंच अंगणात खड्डा खणला होता.

मला वाटलं, चुकून बोलला असेल. बुधवारी पुन्हा फोन आला आणि पुन्हा विचारलं, "पेपर कसा आहे?" मी म्हणाले, "वेस, पेपर नाहीये." तो म्हणाला, "माहितीये गं मला."

"डोकं दुखतंय का?"

"थोडं. उजेड सहन होत नाही. जाईल."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? माझ्या जागेवर दोघं टपून बसलेत. आई, शपथ घे. प्रशिक्षकांना नाही, डॉक्टरांना नाही, संघातल्या कुणालाही फोन करायचा नाही. केलास तर मी पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही."

मी शपथ घेतली. बाबांनो, मी शपथ घेतली. आणि रात्रभर ती शपथ शब्दन् शब्द उलगडून बघत बसले, एखादी फट सापडते का म्हणून. प्रशिक्षक नाहीत, डॉक्टर नाहीत, संघातलं कुणी नाही. गुरुवारी सकाळी मुलांची न्याहारी आटोपली, ॲप्रन न काढता रेडिओ केंद्रावर गेले आणि व्हर्जिलला म्हणाले, "आज वेसला बसवा म्हणा."

व्हर्जिलनी चष्मा काढला. म्हणाले, "लोर्ना, तुला कळतंय का तू काय मागतेस? गाव मला फाडून खाईल."

मी त्यांना कुत्र्याचं सांगितलं. एवढंच सांगितलं.

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "पेपरला पुरलं तेव्हा फावडं माझंच नेलं होतं ना यानं?" मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "जा तू. मुलांच्या जेवणाची वेळ होईल."

दुपारी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावला. मक्याचा भाव झाला. अंत्यविधी त्या दिवशी नव्हते. सगळी नावं झाली आणि शेवटी: "वेस सेडलाक." नेहमीपेक्षा जास्त थांबले. "बसवा."

त्यापुढचं तुम्ही केलंत, तेव्हा तुम्हाला ते माहीतच आहे. कुणीतरी ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकलं, ‘गावानेच नाकारले’ असं वर लिहून. संध्याकाळपर्यंत शहरातले वार्ताहर प्रशिक्षकांना विचारू लागले, त्याच्या गावचा माणूस बसवा म्हणतो, काय कारण? उत्तर देता येईना, म्हणून शुक्रवारी वेसला पुन्हा तपासलं, आणि या वेळी नीट तपासलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. दोन दिवसांनी, रविवारच्या सामन्यात, आणखी एक धक्का बसला असता तर आपण तेव्हाच दुसऱ्या कारणासाठी या हॉलमध्ये जमलो असतो आणि चिली मीच केली असती.

त्याचा हंगाम गेला. संघानं करार वाढवला नाही. पोरगा घरी आला. आणि तुम्ही काय म्हणालात? व्हर्जिलनी दृष्ट लावली. व्हर्जिलनी गावच्या पोराच्या पोटावर पाय दिला. यांच्या ओसरीवर सडके भोपळे फेकलेत. तीन दुकानांनी जाहिराती काढून घेतल्या. याच हॉलमधल्या पॅनकेकच्या न्याहारीला हा माणूस आठ खुर्च्यांच्या टेबलावर एकटा बसून खात होता. चार महिने. एकदा तरी यांनी तोंड उघडलं असतं, "त्याच्या आईनं सांगितलं," तीन शब्द, तर सगळं मिटलं असतं. बोलले नाहीत. कारण कधी दिलं नाही म्हणतात ना, ते असं.

आणि मी? न्याहारीला मी समोरच पॅनकेक वाढत होते. मर्व्हिन म्हणाले, "बघा वहिनी, कसा गिळतोय." मी मान हलवली. हो, मर्व्हिन, मी मान हलवली. मला भीती वाटत होती. तुमची नाही. तिथे मागे जो बसलाय त्याची. "पुन्हा बोलणार नाही," असं तो म्हणाला होता आणि आमच्या घरात आम्ही दोघंच आहोत. माझा मुलगा चार महिने जेवताना या माणसाला शिव्या देत होता आणि मी त्याला बटाटे वाढत होते. मला माझाच उबग आलाय. तुमचाही आलाय, पण तुम्हाला निदान माहीत नव्हतं.

वेस, मी शपथ मोडली नाही असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मोडली. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन, तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी.

ड्वेन, गावानं मोठ्या मनानं माफ केल्याचं ते पत्रक टेबलावर ठेवलंय ना, ते खिशात घाला. व्हर्जिलना माफीची गरज नाही. त्यांना जायच्या आधी गावानं एक गोष्ट द्यायला हवी ती म्हणजे शरम. ती ज्याच्यापाशी असेल त्यानं जाताना हात मिळवावा. नसेल त्यानं दालचिनीचा रोल उचलून मागच्या दारानं जावं.

व्हर्जिल, तुम्ही मान खाली घालू नका. लेकीकडे सुखानं जा. तिथे ऊन फार असतं म्हणतात, टोपी घालत जा. तुमचं फावडं अजून माझ्या शेडमध्ये आहे, ते मी परत देणार नाही.

वेस उठलाय. दाराकडे निघालाय. त्याला कुणी अडवू नका. मर्व्हिन, खाली बसा.

गेला.

असो. अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, हॅरिएटनी केंद्राचा हा ध्वनिक्षेपक दिला, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर तो मी मुद्दामच राखला नाही, तेव्हा त्याबद्दल क्षमा मागत नाही. जिथे अजाणता चुकले असेन तिथे सांभाळून घ्या. आणि जेवण वाढायला आज दुसरं कुणीतरी उभं राहा. मला आता थांबता येणार नाही. वेस गाडीत जाऊन बसला असेल. डॉक्टरांनी त्याला अजून गाडी चालवू दिलेली नाही आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बोलो न बोलो, त्याला घरी मलाच न्यायचंय.