चौथा सूर

चार सूर एकदम वाजवणारा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर इतका स्वस्त मिळाला म्हणून मला नशीबवान म्हणता ना? मग ऐका.

मानपाड्याचा एक आगरी पोरगा विकत होता. आधी हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. मी ट्राय करायला गेलेलो. चार पट्ट्या दाबल्या, तर चौथा सूर जरासा उतरलेला.

"म्हणून तर स्वस्तात देतोय," तो म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी नेमका तोच उतरलेला सूर धरला.

"आय आहे माझी. धवलारीण होती, लग्नात धवले गायची. आता कोणाला ओळखत नाय, पण दिवसभर गुणगुणते. दादा, एक करा. ते ट्यूनिंगचं बटन दाबू नका."

"का रे?"

"नका दाबू. बस."

मी हो म्हटलं. पण बेसूर वाद्य घरात ठेवणारा मी नाही. डोंबिवलीला आणलं, सूर स्थिर व्हावेत म्हणून अर्धा तास चालू ठेवून तापू दिलं आणि बटन दाबलं. चारही सूर असे जुळले, काय सांगू! दहा मिनिटं नुसता वाजवत बसलेलो. मग फोन आला.

"दादा, बटन दाबलंत ना?"

"तुला कसं कळलं?"

"आयचं तोंड हलतंय. आवाज येत नाय."

हसू नका रे. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याला फोन लावतो, चौथा सूर केसभर उतरवतो आणि विचारतो, "आता?"

तो म्हणतो, "नाय. अजून खाली."