चौदावा नमुना

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती संपतमामा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी गीताबाईमामी, आणि पहिली पाळी उरकून कारेगाव-रांजणगावहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळाप्रमुख म्हणून मी मामांचं कौतुक करावं, असं मला सांगण्यात आलं आहे. मामांच्या हातातच तराजू आहे, हे इथं सगळेच सांगतील. मला दुसरंच सांगायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी आपण नवा रंग करत होतो. राळ, थिनर आणि पावडर यांची प्रमाणं बदलत मामांनी एकवीस नमुने केले, प्रत्येकाचा घट्टपणा मोजला. त्या आकड्यांवर मी कॉम्प्युटरवर एक गुळगुळीत गणिती पृष्ठभाग बसवला, खाटेवर चादर घालावी तसा. त्यावरून न केलेल्या मिश्रणांचाही अंदाज येतो. चादर सुरेख बसली. फक्त चौदावा नमुना खालून टोचत होता.

मी म्हणालो, "मामा, वजनात चुकलात."

ते म्हणाले, "सायेब, तीनदा केलंय. तिथं माल घट्टच व्हतोय. तुमची चादर गुळगुळीत आसंल, माल न्हाई."

आता सांगा, पुण्यात शिकून आलेल्या माणसानं हे ऐकावं? मी तो आकडा खोडला, शेजारी 'कामगाराची चूक' असं लिहिलं आणि त्याच्याच आसपासचं प्रमाण उत्पादनाला दिलं. टाकीत मालाचा दगड झाला. तुमच्यातल्या काहींनी तो दोन दिवस छिन्नीनं फोडला आहे. चौकशीत माझा शेरा सापडला, टाकीचं खापरही मामांवर फुटलं, आणि वजनं चुकवणारा म्हणून त्यांना मेमो मिळाला. लॅबमधून ते थेट लोडिंगवर गेले.

त्याच आठवड्यात मी चौदावा नमुना स्वतः केला. घट्ट झाला. पुन्हा केला, पुन्हा घट्ट. आणि मी गप्प बसलो, कारण बढतीची यादी लागायची होती. मला याची लाज वाटते.

मामांच्या गावी, इनामगावात, बायका मामींना विचारायच्या, "तुमच्या मालकांनी माल नासवला म्हनं?" हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

मामा, हातानं 'बास' म्हणू नका. सकाळी मी व्यवस्थापकांना लेखी दिलं आहे की चूक माझी होती, मेमो मागे घ्यावा. सहा वर्षं तुम्ही उचललेली पोती मात्र कोण मागे घेणार?

सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सांभाळून घ्या. मामांनी मात्र मला सांभाळून घेऊ नये. काय सुनावायचं ते इथंच, सगळ्यांदेखत सुनावावं. हा माईक मी त्यांच्या हातात देतो.