सपाटबाईचा गाऊन आणि धाकटीचं पान

हॅलो?

…हो, बोल. अगं बोल ना, स्पीकरवर टाकलाय, दोन्ही हात कामात आहेत माझे. …दुकानात कोण असणार? मी, दोन मशिनी आणि तो मुंडकं नसलेला पुतळा. त्याला कान नाहीत. बोल.

…कट्कट् होतंय ते? उसवतेय एक गाऊन. …कुणाचा ते कळेल मग. आणि तू या वेळी घरी कशी? वाचनालयाला सुट्टी आहे का आज?

…मळमळतंय? कधीपासून? …परवापासून! आणि ताईला आज सांगतेस?

…काय? परत बोल. …उद्या येऊ नको म्हणजे? चिमणे, उद्याच्या दोन ट्रायली मी पुढे ढकलल्यात तुझ्यासाठी. सकाळी आठला सोनोग्राफी, रिकाम्या पोटी, साडेसातला मी दारात. ठरलंय ना आपलं?

…रद्द केलीस. …तू? स्वतःच्या हाताने फोन लावून? वा! एरवी गॅसवाल्याला फोन करायचा तरी मला सांगतेस, हा मात्र बरा जमला.

…बारा दिवसांनी. का? मुहूर्त काढलाय कुणी?

…कशाचे एकवीस दिवस? …थांब. थांब थांब. तो हिरव्या भुकटीचा डबा? अजून चालू आहे? मला तर म्हणालीस टाकून दिला. …कपाटात टाकला! कपाटात ठेवणं आणि टाकून देणं यात फरक असतो गं. वाचनालयात काम करतेस ना तू?

…हो, हो, वाचलंय मी डब्यावर. 'पोट सपाट, लिव्हर साफ.' लिव्हर म्हणजे काय स्वयंपाकघरातलं सिंक आहे? भुकटी टाकली, नळ सोडला, झालं चकाचक?

…काय म्हणाल्या त्या भुकटीवाल्या, मोबाइलमधल्या कोच मॅडम? सांग, सांग. सकाळपासून हसायला काही मिळालेलं नाही मला.

…'पोटाची हट्टी चरबी म्हणजे लिव्हरने मारलेली हाक.' अरे वा वा! …मग पुढे? …अगं, ते अर्धं खरं आहे, त्याचाच तर संताप येतो मला! तेवढं अर्धं तुझ्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. मी शेजारी बसले होते, विसरलीस? तुझ्या रक्तात लिव्हरचा तो एसजीपीटी की काय वाढलेला निघाला, त्यांनी तुझ्या कमरेला टेप लावली, आणि म्हणाल्या, पाळी थांबली की बायकांची चरबी पोटावर येऊन बसते, लिव्हरमध्येही साठायला लागते, आणि दुखत-खुपत काही नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. सोनोग्राफी करून घ्या, रोज चाला, गोड कमी करा. संपलं. पण ते बिचाऱ्या डॉक्टरणीने मळका कोट घालून सांगितलं ना, मग ते कंटाळवाणं. आणि हिने व्हिडिओत गुलाबी दिव्यासमोर उभं राहून, कंबरेवर हात ठेवून सांगितलं की लगेच ज्ञान! दिवसभर चार हजार पुस्तकांत बसतेस आणि वाचतेस काय, तर त्या बाईच्या पोस्टी.

…ओरडत नाहीये. हा माझा आवाजच आहे.

…हो का? एकवीस दिवसांनी रिपोर्ट चांगला येईल म्हणून? अगं शहाणे, सोनोग्राफी म्हणजे काय शाळेची परीक्षा आहे, अभ्यास करून बसायला? आत काय आहे ते बघायला जायचंय ना? की डॉक्टरांकडून शाबासकी हवीय?

…ते काय खरडतेयस? फोनवर खर्रखर्र ऐकू येतंय. …खाज? कुठे? …सगळ्या अंगाला. बरं, ते काय म्हणे? …'विषारी घटक बाहेर पडताहेत.' असं मॅडमनी सांगितलं. मळमळलं तरी विषारी घटक, खाज सुटली तरी विषारी घटक. उद्या जिन्यावरून पडलीस तरी म्हणेल, बघा, निघाले बाहेर!

…तिचं वय काय, तिचं पोट काय, मला सांगू नकोस. …बावन्न. …हो, इस्त्री केल्यासारखं सपाट. दिसतं खरं.

…चिमणे, मी आत्ता कुणाचा गाऊन उसवतेय, विचारत होतीस ना?

…तिचाच.

…अगं, सपाटबाईचा! तुझ्या कोच मॅडमचा. …तीन वर्षं शिवतेय मी तिचं. …नाही सांगितलं, कारण मी सांगत नसते. तीस वर्षांत या दुकानातून एकीचं माप दुसरीच्या कानावर गेलेलं नाही. कितीतरी नवरे येऊन विचारून गेले, वाढदिवसाला ड्रेस घ्यायचाय म्हणून, त्यांनाही नाही सांगितलं. आज सांगणार आहे. तुझ्यामुळे.

…कळ काढ जरा, वही घेतेय. …हं. ऐक. कंबर साडेछत्तीस. पोट, बेंबीवरून, चाळीस. …चाळीस! चार आणि शून्य. …मी कशाला खोटं बोलू? आता या गाऊनच्या आत काय आहे ते सांगते, कारण ते माझ्या समोर टेबलावर काढून ठेवलंय. दोन पदरी कडक कापड, बाजूने हूकांची रांग, आणि बरगडीपासून खाली आठ पट्ट्या. प्लास्टिकच्या, माझ्या पट्टीएवढ्या कडक. हूक लावताना ती भिंतीला हात टेकून श्वास सोडते आणि मी मागून गुडघा लावून आवळते. मग ती त्या गुलाबी दिव्यासमोर जाते, आणि तुझ्यासारख्या बायका भुकट्या मागवतात.

…उसवतेय का? कारण आज बारा वाजता ती न्यायला येणार आहे, आणि मी त्या पट्ट्या काढतेय. सकाळी हातात कात्री घेतली तेव्हा नुसता एक टाका दुरुस्त करणार होते. मग तुझी आठवण झाली. …पाच निघाल्या. तीन राहिल्यात.

…काय? …हस, हस. बरं वाटलं, हसलीस तरी. मग? आता तरी डबा टाकशील?

…'तरी पण.' तरी पण काय? …ती खोटी असेल पण भुकटी खरी असू शकते? अगं बाई गं! तुझ्या डोक्याला नमस्कार माझा.

…काय म्हणालीस?

…नाही, ऐकू आलं. परत म्हण.

…'माझे सगळे कपडे तर मला होतात.'

…

…थांब, कात्री बाजूला ठेवते जरा.

…हो. भाचीच्या लग्नातला निळा स्कर्ट. होतो तुला. …राखाडी पॅन्टही होते. …सहा वर्षं झाली, हो. …म्हणजे तुझं म्हणणं, डॉक्टरणीची टेपच चुकली? कपडे होताहेत म्हणजे पोट वाढलेलंच नाही, नुसता गॅसचा फुगवटा आहे, भुकटीने जाईल? …यासाठी तू सोनोग्राफी रद्द केलीस? त्या स्कर्टच्या भरवशावर?

…चिमणे, बस जरा कुठेतरी. …बसलीयेस? बरं.

…ते कपडे तुला होतात कारण मी सैल करते.

…करते म्हणजे करते! तू बटण लावायला म्हणून देतेस ना? बटण लावते, आणि कमरेची शिलाई उसवून अर्धा इंच सोडते. तुझ्या कपड्यात मी आतून दुमडलेलं दोन-दोन बोटं जास्तीचं कापड, माया, ठेवते, मुद्दाम. ती संपली तेव्हा राखाडी पॅन्टच्या पट्ट्यात मागून इलॅस्टिक घातलं. काळी पॅन्ट तर तीच नाही, दुसरी आहे. तसलंच कापड आणून नवी शिवली, जुनीची मापाची चिठ्ठी नवीला टाचली, आणि म्हटलं, घे, धुऊन इस्त्री करून ठेवलीय.

…का म्हणजे? तुला आठवतो भाचीच्या लग्नाच्या आधीचा दिवस? तुझा नवरा घर सोडून गेला त्याला महिना झाला होता. ट्रायल रूममध्ये स्कर्टची चेन वर जाईना, आणि तू आत त्या स्टुलावर बसून तोंडात ओढणी कोंबून रडत होतीस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पडदाच तर होता मध्ये! मी म्हटलं, थांब, माझंच माप चुकलं. तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही गं. पण तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, तरीच. मग मला ती सवयच लागली.

…नको, वहीतली तुझी मापं वाचून काय करायचंय तुला. …चिमणे, हट्ट करू नकोस. …बरं. बरं, वाचते. ऐक मग.

…लग्नाच्या वर्षी कंबर एकतीस. पुढच्या वर्षी साडेबत्तीस. मग चौतीस. मग पस्तीस. गेल्या वर्षी सदतीस. आणि या महिन्यात, तू डुलकी घेत होतीस माझ्या सोफ्यावर तेव्हा हळूच टेप घातली, अडतीस. …आणि दंड बारा होता, तो आता साडेदहा. हात काड्या होत चालले आणि पोट पुढे. मला दिसत होतं. रोज बायकांची अंगं मोजते मी, मला नाही दिसणार? सपाटबाई परक्या बायकांना फसवते, तिला मी सकाळपासून नावं ठेवतेय. आणि मी सख्ख्या बहिणीला फसवलं, तेही इतक्या सफाईने की बाहेरून टाका दिसू नये.

…शिव्या दे. …चिमणे?

हॅलो? …हॅलो?

ठेवला. …बरोबर आहे. …उचल गं. …उचल ना. …तू काय ऐकतोयस रे? तुला मुंडकं नाही म्हणून बरं चाललंय तुझं. …उचल, उचल…

हॅलो? हॅलो, चिमणे! …रडू नकोस. …रड, बरं, रड. पण फोन ठेवू नकोस.

…काय विचारायचंय? …विचार, मला कसली लाज.

…कसल्या रंगाची होतेय लघवी? …चहासारखी? दूध घालून की बिनदुधाचा? …कोरा चहा. कधीपासून? …कालपासून. पाणी पितेयस ना भरपूर? …पितेयस, तरीही. मॅडमना विचारलंस? …हो, विषारी घटक, कळलं. आता त्या बाईचं नाव काढायचं नाही.

…नीट ऐक. ऊठ, आणि हातआरसा घेऊन खिडकीत जा. …दिवा नको, खिडकीत. मी कापडाचा रंग दिव्याखाली कधी बघत नाही, फसतो माणूस. उन्हाच्या उजेडात. …गेलीस? खालची पापणी बोटाने खाली ओढ. बुबुळाच्या बाजूचं पांढरं बघ. ते पांढरं आहे का?

…'असं वाटतंय' नको. मला रंग सांग. शेजारी पांढरा रुमाल धर आणि सांग.

…पिवळसर. कसलं पिवळं? लिंबासारखं? …त्याच्यापेक्षा फिकं. …माझ्या शोकेसमधल्या त्या अस्तरासारखं? पांढरं होतं आणि काचेत ऊन खाऊन खाऊन झालंय ते? …तसं.

…नाही, घाबरले नाही. आवाज असाच आहे माझा. …मी डॉक्टर नाही, मला काही कळत नाही, पण एवढं कळतं की हे उद्यावर टाकायचं नाही, बारा दिवसांवर तर नाहीच नाही. आता जायचं. हॉस्पिटलमध्ये, थेट. …त्या भुकटीनेही झालं असेल, आधीचं असेल, दोन्ही मिळून असेल, ते डॉक्टर बघतील. तू चप्पल घाल.

…दुकान बंद करतेय. …करतेय म्हटलं ना! बारा वाजता सपाटबाई येईल, येऊ दे. गाऊन दाराच्या कडीला लटकवतेय. …पट्ट्या? आठही निघाल्या, तुझ्याशी बोलता बोलता. पिशवीत घालून सोबत ठेवतेय, कुणी म्हणायला नको शिंपिणीने चोरल्या.

…तो डबा घे बरोबर. …प्यायला नाही गं वेडे, दाखवायला! काय गिळलंस ते त्यांना कळायला नको? चमचाही टाक त्यात. किती घेत होतीस ते विचारतील.

…काय घालू म्हणजे? आता हे सुचतंय तुला? …निळा स्कर्ट घाल, तो… नाही, थांब. तो परवाच आतून सैल केलाय मी. …घाल, काहीही घाल. नाही लागलं बटण तर पिन टोच.

…रागावलीयेस ना माझ्यावर? …राहा. आधी बरी हो, मग रागाव. वर्षभर बोलू नकोस माझ्याशी, चालेल मला.

…अगं, डॉक्टर इतकं कुठे विचारतात? नाव, वय, औषधं… …हो, तेही विचारतील. पोट कधीपासून वाढलं, किती वाढलं, हातपाय कधी बारीक झाले. …तुला नाही सांगता येणार, माहितेय. तुला मी कळूच दिलं नाही.

…मला येईल ना सांगता. वही घेतलीय पिशवीत. तुझं पान आहे, प्रत्येक वेळची तारीख घालून. …दार ओढून घे आणि पायरीवर बस. ठेव फोन, मी निघाले.