शनिवारची चाबी

उज्जैन. मार्गशीर्षातला पहिला रविवार.

रिबकावहिनी, शिक्षक मंडळी, पालकहो,

आधी क्षमा मागतो. कित्येक महिने मी कुठल्याच सभेत बोललो नाही. शाळेच्या बैठकीतही मागे बसायचो आणि उठून जायचो. सांगण्यासारखं चांगलं काही जवळ नव्हतं. आजही नाही. पण आज गप्प बसणं जमणार नाही.

नागावकर मास्तर आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी गेले. सोमवारपासून शाळा बंद आहे. दुखवट्यासाठी बंद आहे, असं आपण म्हणतो. मला खात्री नाही, मंडळी. बुधवारी घड्याळाच्या टॉवरपाशी एका तांगेवाल्यानं मला विचारलं, "स्कूल तो अब उठ गई ना, बाबूजी?" मी "नहीं" म्हणालो. पण ते इतक्या हळू म्हणालो, की घोड्यालाही ऐकू गेलं नसेल.

राज्य बदललं. मध्य भारत संपला. आमच्या कचेरीतली दप्तरं गाड्या भरभरून भोपाळला चालली आहेत आणि दप्तरामागून माणसं. माझ्या आळीत तीन घरांना कुलपं लागली. वर्गातले बाक रिकामे होत चाललेत. मराठी शाळा आता हवी कुणाला, असं बाहेरचे कमी आणि आपलेच जास्त विचारतात. एकदा बंद पडलेली शाळा बंद ठेवायला वेगळा हुकूम लागत नाही. कचेरीतला माणूस आहे मी, मला ठाऊक आहे.

मास्तर कोण होते, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरात मराठी, देवघर मात्र नाही. गेल्या आठवड्यात फळ्यावर कुणी तरी सवयीनं "कैलासवासी" लिहिलं. मग कुजबूज झाली. पुसून दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी वहिनींना विचारायला गेलो. मास्तरांच्या दुखवट्याचे सात दिवस, त्यांच्या रीतीप्रमाणे, त्या जमिनीवर बसून होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, कसले वासी ते देव बघेल. तुम्ही उज्जैनचे लिहा." तसंच लिहिलं आहे. बघा तुमच्यामागे.

मास्तर शनिवारी काम करत नसत. विस्तव पेटवत नसत, कुलपाला हात लावत नसत. शाळा मात्र शनिवारी असायची. म्हणून दर शुक्रवारी, ऊन उतरायच्या आत, ते माझ्या दारात चाबी घेऊन उभे. शनिवारी शाळा मी उघडायची. रात्री आकाशात चांदण्या दिसल्या की ते चाबी न्यायला येत. माझी बायको त्यांना चिडवायची, "मास्तर, तुमचा देव एक दिवस सुट्टी देतो, आमचे इतके देव असून एकही देत नाही!"

त्या शेवटच्या शुक्रवारीही आले. मी विचारलं, "मास्तर, शाळा टिकेल?"

"मला काय विचारता, जोगळेकर? मी ज्योतिषी आहे?"

"तुमच्यात संदेष्टे होते ना?"

"होते की. पण ते पुढचं कमी सांगत. मागचं जास्त काढत."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या लोकांचं शहर जळालेलं, मंदिर पडलेलं, माणसं दूर बाबेलला, शत्रूच्या मुलखात, धरून नेलेली. तिथे एक संदेष्टा उभा राहतो आणि देवालाच जाब विचारतो. जागा हो. मिसरातल्या गुलामीतून आम्हाला काढलंस, तो तूच ना? समुद्र आटवून वाट केलीस, तो तूच ना? मग आता हात का आखडलास?

मी म्हटलं, "म्हणजे आम्ही मागचा हुकूम जोडून स्मरणपत्र पाठवतो, तसंच."

"तसंच. पण तुम्ही साहेबाला इतकं झापून लिहिता का?"

हसलो आम्ही. नंतर मी विचारलं, "मग उत्तर आलं?"

"आलं. माणसं परतली. पण विचारणाऱ्यांतले बरेच तोवर गेले होते."

हे म्हणताना ते हसले नाहीत. मावळतीकडे बघत होते. मंडळी, तेव्हापासून हे वाक्य माझ्या मानेवर बसून आहे.

जाता जाता म्हणाले, "आमचं गलबत कोकणाच्या किनाऱ्याला फुटलं, असं आमची म्हातारी माणसं सांगत. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. शनिवार तेवढा लक्षात राहिला. तेवढ्यावर आम्ही इथवर आलो. तुमचा समुद्र कोणता, ते तुम्ही आठवा."

आपला समुद्र कोणता, ज्यातून पूर्वी आपल्यालाही वाट मिळाली? मी आठवडाभर विचार करतोय. एका वळिवात शाळेचं छप्पर उडालं होतं. आठवतं? तेव्हाही शाळा संपली असंच सगळे म्हणाले होते. मास्तरांनी निंबाखाली वर्ग भरवले. मग कुणी पत्रे आणले, कुणी वासे. भैरवगढच्या एका छिप्यानं, कापडावर ठसे उठवणाऱ्यानं, छापायचं जाडं कापड पाठवलं, मुलांवर सावली धरायला. त्याचं मूल आपल्या शाळेत नव्हतंही. ते देवानं केलं का? मला माहीत नाही. माहीत नसताना होय म्हणणार नाही. पण ते झालं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. झालं होतं म्हणून पुन्हा होईलच, असंही नाही. वारा पुन्हा सुटला आहे आणि या वेळी निंबाखाली उभा राहणारा माणूस नाही.

त्या शनिवारी मी शाळा उघडली आणि तासाभरात निरोप आला. रात्री चांदण्या दिसल्या. चाबी न्यायला कुणी आलं नाही. ती अजून माझ्या खिशात आहे. मी आजवर फक्त शनिवारचा माणूस होतो. वहिनींना चाबी परत द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "शनिवार संपला ना, भाऊजी? आता बाकीचे वारही तुमचे."

आता आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नये. मास्तर, तुम्हाला आमचा शेवटचा नमस्कार. तुमच्या प्रार्थनेच्या भाषेत शालोम, शांती असो.

उद्या, सोमवार: शाळा उघडणे.