फियाटमधला दिवा

“अण्णा, ही नवी बॅटरी बी रविवारपर्यंत उतरनार. उतरली तर तुमची मिशी, न्हाईतर माजी. भर चौकात!”

“लागली पैज, किशोर.”

शेजारच्या भिवाजीअण्णांनी टाळी दिली, तसा किशोर मनातल्या मनात त्यांची मिशी सफाचट करूनच कुंपणाला कान लावून बसला. पलीकडं अमोल वायरमन त्यांच्या जुन्या फियाटचं बॉनेट उघडून बॅटरी आवळत होता.

“अण्णा, समदे फ्यूज काढले, तरी कायतरी करंट खातंय. ही कुटली वायर? थेट बॅटरीवरनं डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या दिव्याला?”

“रत्नानं लावून घेतली. दिवा कदी इझू न्हाई म्हनून.”

“हीच चोर हाय. काढू?”

“हात लावू नगं.”

“मग गाडी रोज फिरवा, चार्ज तरी हुईल.”

“शेजारी कुनाला बसवून फिरवू?”

“वैनी गेल्या आता, अण्णा. मिशी बी जाईल.”

“जाऊ दे.”

रविवारी पिरंगुटच्या चौकात न्हाव्याच्या खुर्चीभोवती हीऽ गर्दी.

“किशोर, दिवा इझला रे.”

“ऱ्हाऊ द्या, अण्णा. गंमत केली मी.”

“रत्ना गेली तवा समदी म्हनत व्हती, मिशी काढ. न्हाई काढली मी.”

“अण्णा, उठा की.”

“चालव बाबा वस्तरा.”